दूध संस्थेच्या वार्षिक सभेत घरातल्या मारहाणीचा विषय घ्यावा का?

गोठेवाला
मंडळी नमस्कार. जरा लांब लिहितोय, पण पूर्ण वाचा आणि मोकळेपणानं सांगा.

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यात आमचं गाव, मी गावच्या दूध संस्थेत संचालक आहे. वार्षिक सभा कायद्यानं ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळं आता पळापळ सुरू आहे. दरवर्षीचा कार्यक्रम ठरलेला. अहवाल वाचन, नफा-तोटा, रिबेट म्हणजे दुधावरचा वर्षअखेरचा फरक किती, दिवाळीला सभासदांना भेट काय द्यायची यावर तासभर भांडण आणि मग 'मंजूर मंजूर'. यंदा मला एक विषय पत्रिकेवर घालायचाय. घरात बायकांना होणारी मारहाण, आणि ती थांबवायला आपण पुरुष सभासदांनी काय करायचं.

कुठून डोक्यात आलं सांगतो. संकलनाला मी सकाळी कट्ट्यावर असतो. किटली घेऊन येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका. वैरण त्यांची, धार त्यांची, शेणघाण त्यांची. मशीनवर फॅट लागते, चिठ्ठी निघते, चिठ्ठीवर नाव नवऱ्याचं. दहा दिवसांनी बिल निघतं, तेपण त्याच्याच खात्यावर. आणि बिल निघालं की दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत एखादी तोंडावरून पदर ओढून उभी असते, कपाळावर हळद दाबलेली. 'म्हशीनं शिंग मारलं' म्हणते. दरवेळी म्हैसच कशी मारते हे रांगेतल्या सगळ्यांना कळतंय. कुणी काय बोलत नाही. पुढची किटली.

आमच्या गावात सगळ्या भावकीतले, सगळ्या गटांतले पुरुष रोज हमखास कुठं येत असतील तर ते इथंच. ग्रामसभेला कोरम होत नाही, इथं दोन वेळा गर्दी. ८ मार्चला आपण बायकांना बोलावतो, सक्षम व्हा म्हणून सांगतो, साडी देतो. मारणाऱ्याला कोण काय सांगतच नाही. त्याच्याशी बोलायची जागा संस्थाच आहे असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं? आणि करायचं झालं तर कसं करायचं, नुसतं भाषण होऊन विषय संपू नये म्हणून विचारतोय.

तांबडापांढरा
भावा विषय खोल हाय. पण तू माईक हातात घेतलास की मागनं आवाज येणार 'आधी रिबेटचं बोला', लिहून ठेव.

कागलकर
माझा विरोध. हेतू चांगला आहे पण जागा चुकली. गावातली दूध संस्था म्हणजे दोन गट, दोन पॅनेल. तुम्ही एका गटाचे. उद्या दुसऱ्या गटातल्या कुणाच्या घरचं प्रकरण निघालं की पुढच्या निवडणुकीत त्याचं भांडवल होणार, आणि त्या बाईची अब्रू चौकात येणार. ती राहिली बाजूलाच. संस्थेनं दूध घ्यावं, दर द्यावा, वेळेत बिल द्यावं. घरातलं ज्याच्या त्याच्या घरात, फारच झालं तर पोलीस आहेत.

शिरोळची_लेक
@कागलकर 'ज्याच्या त्याच्या घरात' हेच ऐकत आमच्या आज्या गेल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ ची बघा. लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरातल्या २९ जणींनी नवऱ्यानं मारलं किंवा जबरदस्ती केली असं सांगितलंय. आणि ज्यांनी हिंसा सोसली त्यांच्यातल्या शंभरात फक्त १४ जणींनी कुणाकडं तरी मदत मागितली. कुणाकडं तरी म्हणजे बहुतेक माहेरी! पोलिसात जाणाऱ्या किती असतील बघा मग. पोलीस आहेत म्हणून भागत नाही.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, जोडवी काढणं. हे तर मारहाणीपेक्षाही 'घरातलं' समजलं जायचं, तरी गावानं सभेत घेतलं. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. सभेत बोललं की घराची इज्जत जाते असं काही झालं नाही, उलट गावाचं नाव झालं.

रंकाळाकाठ
शिरोळताईंच्या मुद्द्यात थोडी भर. बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१९ लाच केला होता. देशाचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला २००५ ला. म्हणजे ८६ वर्षं आधी या मातीत राजानं सांगितलंय की हा घरातला विषय नाही. गोठेवालेदादा, सभेत सुरुवात इथनं करा. महाराजांचं नाव घेतलं की मागनं रिबेटवाला पण गप्प बसतो.

तांबडापांढरा
@रंकाळाकाठ हे बाकी खरं हाय. कोल्हापुरात महाराजांच्या पुढं कोण बोलत न्हाई.

पुण्यातला_कोल्हापुरी
ठराव, कायदा सगळं ठीक. पण शेतकरी पुरुषाला पटवायचं कसं याचा एक जुना धडा आहे आपल्याकडं, तो कुणीच काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. शेतकरी संघटनेचं लक्ष्मीमुक्ती. १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं, आणि त्यानंतर काही वर्षांत संघटनेचे नेते शरद जोशींनी पुरुषांपुढं हा कार्यक्रम ठेवला, जमिनीचा तुकडा स्वखुशीनं बायकोच्या नावावर करा. ज्या गावात शंभर जणांनी केलं ते लक्ष्मीमुक्तीचं गाव.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते मांडणीचं. तुम्ही वाईट आहात असं पुरुषांना सांगितलंच नाही. सांगितलं काय, तर आपण सरकारकडं घामाचं दाम मागतो, आपलं देणं बुडवलं म्हणून रस्त्यावर येतो, मग घरातल्या लक्ष्मीनं आयुष्यभर फुकट राबून आपल्यावर जे कर्ज करून ठेवलंय ते कधी फेडणार? शेतकऱ्याला ही भाषा लगेच कळली कारण ती त्याच्याच लढ्याची होती, आणि सांगणारा त्याच्याच संघटनेचा होता. बाहेरून आलेल्या ताई-दादांनी प्रोजेक्टर लावून सांगितलं असतं तर माना हलवून घरी गेले असते. म्हणून मी म्हणतो संस्थेत घ्याच, फक्त भाषा संस्थेची वापरा. येणं, देणं, बाकी.

भुदरगडी
१९९२ पासून तलाठ्याकडं साधा अर्ज देऊन सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतंय, त्यालाबी लक्ष्मीमुक्तीच म्हणतात. गावात विचारा किती जणांनी लावलंय. आमच्यात एकानं लावलं तर चार दिवस पारावर त्याचीच चर्चा, 'बायकोनं काय खायला घातलं काय' म्हणून.

सह्याद्री_माणूस
कुणाला आवडो न आवडो, लिहितो. मूळ दारू आहे. दारू बंद करा, मारहाण आपोआप बंद. कायद्यात सोय आहे, गावानं मतदान घेऊन बाटली आडवी करा. संस्थेत चर्चासत्रं घेऊन काही होणार नाही.

आजऱ्याची_सून
@सह्याद्री_माणूस बाटली आडवी व्हायलाच पाहिजे, मतदान असेल तिथं मी पहिली रांगेत उभी राहीन. पण मूळ दारू आहे हे पटत नाही. दारू पिऊन कुणी कारखान्याच्या चेअरमनला मारलेलं ऐकलंय का? सोसायटीच्या सचिवाला? घरी आल्यावरच कसा तोल जातो. आमच्या गल्लीत एकजण माळकरी, दारूच्या थेंबाला शिवत नाही, आणि भाकरी करपली म्हणून परात फेकून मारतो.

मूळ विषयाला माझं पण एक म्हणणं आहे. वर नावावर करा म्हणतायत, पुढं बिल बायकांच्या खात्यावर करा असंही कुणी म्हणेल. करा, पण आधी पुरुषाशी बोला. आमच्या जवळच्या एका गावात संस्थेनं ठरवलं की दुधाचं बिल बायकांच्याच खात्यावर. ऐकायला किती चांगलं. पुरुषांना कुणी काही समजावलं नाही, एक दिवस नोटीस लावली नि झालं. पहिलं बिल जमा झालं त्या रात्री माझ्या ओळखीच्या एका बाईला एटीएम कार्डावरून मारलं. कार्ड त्याच्या खिशात गेलं, पिन पण. आता बिल तिच्या नावावर निघतं आणि सही करायला तिला बँकेत जाऊन उभं राहावं लागतं, पैसा तिथंच जातो जिथं आधी जात होता. म्हणजे तिचं काम एक वाढलं. पैशाची वाट बदलली की ज्याच्या हातातनं पैसा जातो तो चिडणार, याची तयारी आधी केली पाहिजे.

गोठेवाला
@आजऱ्याची_सून हे मला सुचलंच नसतं. धन्यवाद. मी उलट क्रमानं चाललो होतो, आधी खाती, मग बोलणं.

पूर्व_आफ्रिकेतून
मूळचा गडहिंग्लजचा, कामानिमित्त कंपालात असतो. शेतीच्या औषधांचा धंदा आहे त्यामुळं सहकारी संस्थांशी संबंध येतो. सूनबाईंनी जे लिहिलं त्यावर युगांडात कॉफीवाल्यांनी काढलेला एक मार्ग सांगतो.

इथं पश्चिमेला कासेसे जिल्हा आहे, डोंगराळ, आपल्या आजरा-चंदगडसारखा. तिथं बुकोंझो जॉइंट नावाची कॉफी उत्पादकांची सहकारी संस्था. अडचण अशी की कॉफी लावायची, खुरपायची, तोडायची बायकांनी, आणि विकायची नवऱ्यानं. बाप्ये फुलावर असतानाच कॉफी व्यापाऱ्याला विकून मोकळे व्हायचे. बाई पण मग गुपचूप थोडी हिरवीच तोडून विकायची, घरखर्चाला. दोघं एकमेकांपासून लपवून कच्चा माल विकणार, दर्जा पडणार, संस्थेला चांगला दर मिळणार नाही, घरात भांडण ते वेगळंच.

त्यांनी भाषणं ठेवली नाहीत. नवरा-बायकोला चित्र काढायला बसवलं, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही जमेल असं. एक झाड काढायचं. खोडावर घरातली माणसं. मुळांना डाव्या बाजूला बाई करते ती कामं, उजव्या बाजूला बाप्या करतो ती, मधी दोघांची. वर फांद्यांवर पैसा कुणावर खर्च होतो ते, तसंच डावं-उजवं. जमीन, जनावर कुणाच्या नावावर तेपण काढायचं. बहुतेक घरात झाड असं वाकडं निघतं की मूळ एका बाजूला नि फळं दुसऱ्या बाजूला. मग विचारायचं, हे झाड उभं राहील का? आणि ते सरळ करायला घरात काय बदलायचं ते त्या जोडप्यानंच ठरवायचं. मारहाण, दारू, चोरून माल विकणं, सगळं त्या चित्रात येतं, आणि कुणी कुणावर आरोप न करता येतं. ज्या पुरुषाला पटलं तोच पुढं शेजारच्याला चित्र काढायला शिकवतो. संस्थेनं ही पद्धत आपल्या रोजच्या कारभारातच घेतली, वेगळा प्रकल्प म्हणून ठेवली नाही, कारण फायदा संस्थेचाही होता. पिकलेली कॉफी यायला लागली.

बुरुंडीत पण एक चळवळ आहे, अबातांगामुचो म्हणतात. ज्या पुरुषांनी मारणं सोडलं ते गावात उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगतात की मी काय करत होतो आणि का सोडलं. ऐकणारे पण पुरुष.

भुदरगडी
@पूर्व_आफ्रिकेतून झाडाचं लई आवडलं. आमच्या घरात काढलं तर झाड सरळ पंचगंगेत जाऊन पडंल.

तांबडापांढरा
बुरुंडीचं मात्र आपल्यात जमणार न्हाई. गावासमोर उभारून 'मी मारत हुतो' म्हणणारा माणूस दाखवा मला. मिशीला पीळ आहे तवर न्हाई जमत.

वस्तादांचा_पठ्ठ्या
@तांबडापांढरा गावासमोर नको, तालमीत जमतंय. आमच्या वस्तादांचा नियमच हाय, ज्यानं घरात बाईमाणसावर हात उगारल्याचं कळलं त्यानं लंगोट खुंटीला लावायचा, मातीत उतरायचं न्हाई. भाषण न्हाई काय न्हाई. 'तुझ्यापेक्षा ताकदीनं कमी असणाऱ्याशी जोड धरत न्हाईत' एवढंच सांगतात. विशीतली पोरं ऐकतात, कारण वस्ताद स्वतः घरात तसं वागतात हे पोरांनी बघितलंय. संस्थेचा चेअरमन तसा असंल तर बोलावं त्यानं.

वकीलसाहेबा
खूप चांगली चर्चा, पण एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. संस्थेनं पंचायत भरवू नका. म्हणजे आज विषय घेतलात, उद्या कुणीतरी तक्रार घेऊन आलं की चेअरमन, दोन संचालक, भावकीतले चार मोठे बसणार, नवऱ्याला एक शिवी, बाईला 'आता झालं गेलं विसर' आणि चहा. असं मिटवलेलं प्रकरण माझ्याकडं नंतर येतं ते फार वाईट अवस्थेत येतं. संस्थेचं काम पुरुषांशी आधी बोलण्याचं. मारहाण झालेली असेल तिथं बाईच्या मनाप्रमाणं, तिच्या सोयीनं आणि कायद्यानं.

लोकांना माहीत नसलेली एक तरतूद. २००५ च्या कायद्यात, कलम ४, हिंसा झालीय किंवा होईल असं वाटण्यास कारण असलेली कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकते. नातेवाईकच पाहिजे असं नाही. चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काही येत नाही. म्हणजे कट्ट्यावर हळद बघणारा सचिवसुद्धा कळवू शकतो. पण त्याआधी त्या बाईला एकटीला, विश्वासातल्या एखाद्या बाईकडून विचारा. सासूसमोर, रांगेत विचारू नका, त्याचा सूड घरी निघतो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर दूध चिठ्ठीच्या मागं छापता येईल, चिठ्ठी रोज तिच्याच हातात पडते. जिवावर बेतलं असेल तर ११२.

दुसरं, सहकार म्हणजे फक्त दूध नव्हे. साखर कारखाना, सूतगिरणी, बँक. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष बाई असली पाहिजे. किती संचालक मंडळांत कधी तिचा अहवाल वाचला गेलाय?

ऊसाचा_फड
वकीलताई, कारखान्याचं काढलंत म्हणून. आमच्या फडात दरवर्षी बीडकडची ऊसतोडीची टोळी येते. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, उचल म्हणजे आगाऊ रक्कम नवऱ्याच्या नावावर. पहाटे थंडीत ती मोळ्या वाहते, रात्री पालात मार खाते, आणि आपण बागायतदार बांधावर उभं राहून 'त्यांच्यात चालतंच' म्हणतो. त्यांच्यात नाही, सगळ्यांत चालतं. फडावरच्या शेतकऱ्यानं, कारखान्याच्या चिटबॉयनं नि टोळीच्या मुकादमानं मनावर घेतलं तर बराच फरक पडेल. या धाग्यात त्या बायांचा विषय राहू नये म्हणून लिहिलं.

नेहमीचा_वाचक
खोट्या केसेसबद्दल पण बोला कोणीतरी. पुरुषांवर पण अन्याय होतो.

वकीलसाहेबा
@नेहमीचा_वाचक खोटी केस असेल तर कोर्टात लढू, मी पुरुषांचीही वकीलपत्रं घेते. पण कपाळावर हळद दाबून दूध घालायला आलेली बाई केस करायला आलेली नाही. विषय तिचा आहे.

निवृत्त_सचिव
तीस-पस्तीस वर्षं सचिवकी केली, सभेचं तंत्र सांगतो.

हा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात टाकू नका. त्या वेळेपर्यंत निम्मी माणसं मसालेभाताच्या वासानं उठलेली असतात. नोटिशीतच छापा, अहवाल वाचनाच्या लगेच पुढं, रिबेटच्या अगोदर. रिबेट जाहीर झाल्यावर सभा संपली समजायची.

खर्चाचं कारण कुणी सांगितलं तर सभासदांचं शिक्षण-प्रशिक्षण हे सहकार कायद्यानंच संस्थेचं काम आहे, कलम २४अ. प्रशिक्षण म्हणजे फक्त मुरघास आणि लाळ-खुरकत नव्हे. संचालक मंडळात महिलांच्या दोन राखीव जागा आहेत, त्या दोघींना घरनं सहीचं रजिस्टर पाठवू नका, सभेत बसवा, बोलू द्या. आणि पहिला बोलणारा पुरुष असू द्या, शक्यतो विरोधी गटातला. कागलकर म्हणतात ती गटाची भीती खरी आहे, मी भोगली आहे. दोन्ही गटांचा एकेक म्होरक्या आधी घरी जाऊन भेटा.

कागलकर
निवृत्त सचिवांचं शेवटचं वाक्य वाचून परत आलो. संस्थेनं कुणाचं प्रकरण हातात घेऊ नये या मतावर मी ठाम आहे, आणि वकीलताई पण तेच म्हणतायत. पण प्रकरण न घेता पुरुषांशी बोलायचं असेल, आणि दोन्ही गटांनी मिळून बोलायचं असेल, तर माझा विरोध नाही. आमच्या गावात मी दुसऱ्या गटाच्या माणसाबरोबर बसायला तयार आहे. तो तयार होईल का बघतो.

शिरोळची_लेक
@कागलकर मनापासून आभार.

गोठेवाला
चेअरमन आणि विरोधी गटाच्या दोघांशी बोलून आलो. एकानं उडवून लावलं, दुसरा म्हणाला बहिणीला असंच सोसावं लागलं, मी पहिला बोलतो. तोच बोलणार.

असं ठरवतोय. सभेच्या आधी गल्लीवार, कुणाच्या तरी गोठ्यात, पाच-सहा जोडप्यांना घेऊन झाडाचं चित्र. खडूनं जमिनीवर काढलं तरी चालेल, सुरुवात संचालकांच्या घरापासून म्हणजे माझ्या पण. चिठ्ठीच्या मागं १८१. संस्थेत तक्रार ऐकायची नाही, आलीच तर गावच्या आशा सेविकेमार्फत संरक्षण अधिकारी. खात्याचं सक्तीनं नाही, ज्या जोडप्यानं चित्र काढून दोघांनी मिळून ठरवलं त्यांचंच बदलायचं. आणि शेअर दोघांच्या नावावर करायला अर्ज ठेवायचा. यात काही चुकत असेल तर सभेच्या आधी सांगा.

निवृत्त_सचिव
एकच. शेअर दोघांच्या नावावर असला की मताचा अधिकार पहिलं नाव असलेल्याला असतो. तेव्हा अर्जात पहिलं नाव कुणाचं, हा रकाना मोकळा ठेवू नका. तिचं छापा.

आजऱ्याची_सून
आणि फॉर्मवर तिची सही तिनं स्वतः केलेली, कट्ट्यावर नाही. घरी जाऊन घ्या, दोघं बसलेली असताना, काय लिहिलंय ते वाचून दाखवून.

तांबडापांढरा
सभा कधी हाय भावा? तारीख टाक, मी येतो मागं बसायला. रिबेटवाल्याला मी बघतो.